तांडेलाचा होकार

नौदलात 'आय' म्हणजे 'हो' नव्हे. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचं सगळं सोपं आहे. ती ध्यानात न ठेवल्यामुळेच गॅनेट बेटाची हिवाळ्यातली फेरीबोट बुडायची वेळ आली होती, आणि तीही समुद्रात नव्हे, राजधानीतल्या एका गालिचा अंथरलेल्या सभागृहात.

'आय' म्हणजे 'ऐकलं, करतो'. पटलं की नाही, हा प्रश्न त्यात येतच नाही. कप्तान म्हणाला, "नांगर टाका," की खलाशांवरच्या तांडेलाने म्हणायचं, "आय, सर!" इथे खाली खडक आहे, नांगर धरणार नाही, असं तांडेलाचं मत असलंच, तर ते त्याने नांगर टाकता टाकता मनातल्या मनात मांडावं. हायरम टॉलमनने अमेरिकेच्या नौदलात पंचवीसेक वर्षं अशी मतं मनात मांडली. शेवटी शेवटी तो तांडेलांचा मुकादम झाला होता. अशा माणसाला तिथे 'चीफ' म्हणतात. चीफ टॉलमनचा आवाज भर वादळात जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचायचा. निवृत्तीच्या वेळी सरकारने बाकीचं सामान मोजून परत घेतलं. आवाज मात्र त्याच्याकडेच राहिला.

तो आवाज घेऊन हायरम आपल्या जन्मगावी, न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यासमोरच्या गॅनेट बेटावर परतला आणि बायकोच्या हाताखाली रुजू झाला.

"हायरम, शेडचं दार निखळलंय. बसवशील ना?" व्हर्ना विचारायची.

"आय."

यातलं 'ऐकलं' दर वेळी होत असे. 'करतो' राहून जाई. दार एका बिजागरीवर लोंबकळत वाऱ्याला टाळ्या देत होतं.

"जहाजावर म्हणे तुझं 'आय' दोन मिनिटांत अमलात यायचं," व्हर्ना म्हणाली.

"तिथे कप्तान होता."

"आणि इथे कोण आहे?"

हायरमने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "आय."

तो राजकारणात आला तोही याच शब्दाच्या पायी. बेटावर दर महिन्याला एका शनिवारी गावच्या हॉलमध्ये घेवड्याचं जेवण असतं. मेपलच्या पाकात शिजवलेला घेवडा, सॉसेज, काळा पाव, आणि तोंडी लावायला एकमेकांची उणीदुणी. त्या भागाचे जुने आमदार गुडघ्यांना कंटाळून फ्लोरिडाला निघून गेले होते. नवीन माणूस हवा होता. डोरकस एम्स ही बेटावरचं एकमेव दुकान चालवते, पोस्ट चालवते, आणि तिच्या मते बेटही तीच चालवते. ती हातात ताट घेऊन हायरमच्या टेबलापाशी आली.

"काय हायरम, उभा राहतोस ना?"

"आय!" म्हणून हायरम ताडकन उभा राहिला. खुर्ची त्याने अदबीने मागे ओढली. तेवढ्यात हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. तो बराच वेळ उभाच राहिला, कारण बसायला कुणी सांगत नव्हतं.

निवडणूक सोपी गेली. समोरच्या पक्षाने पलीकडच्या किनाऱ्यावरचा एक दातांचा डॉक्टर उभा केला होता. तो बेटावर प्रचाराला यायला निघाला आणि वाटेतच त्याला बोट लागली. उतरल्यावर त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं, त्यात धोरणात्मक असं काही नव्हतं. हायरमच्या प्रचारात एकच वाक्य होतं आणि ते डोरकसने घडवून दिलं होतं: "हिवाळ्यातली बोट मी बंद पडू देणार नाही." सभेत तो ते एकदा म्हणायचा आणि बसायचा. इतकं कमी बोलणारा उमेदवार लोकांनी पाहिलाच नव्हता. भरभरून मतं पडली.

राजधानीत पहिल्याच दिवशी द्वारपाल म्हणाला, "या सर."

"मला सर म्हणू नका, मी पोटासाठी काम करतो," हायरम म्हणाला. नौदलात 'सर' फक्त अधिकाऱ्यांना म्हणतात, त्यावरचा हा जुना विनोद आहे. चीफ लोक तो अधिकाऱ्यांच्या पाठीमागे करतात. द्वारपाल हसला. दुसऱ्या दिवशी हायरम पुन्हा तेच म्हणाला, तेव्हा हा माणूस विनोद करत नाही हे त्याच्या लक्षात आलं. पण सभागृहात इलाज नव्हता. तिथे सगळेच एकमेकांना 'सन्माननीय' म्हणतात, त्यामुळे कुणाचाच विशेष सन्मान होत नाही.

हायरमच्या शेजारच्या बाकावर फिलिपा क्रॉस बसायची. पेशाने वकील, आमदारकीत मुरलेली, आणि सभागृहात बसून मोजे विणणारी. अर्थसंकल्पाच्या चर्चेत तिचा मोजा गुडघ्यापर्यंत जात असे. तिने हायरमला घरच्यासारखं पंखाखाली घेतलं, पण एक गोष्ट काही तिला त्याच्या गळी उतरवता आली नाही. तिथे ज्याला बोलायचं असेल त्याने उभं राहून "मॅडम स्पीकर!" असं ओरडायचं असतं. हायरम उभा राहायचा, हात पँटच्या शिवणीला लावायचा, आणि वरिष्ठांचं लक्ष जाईपर्यंत मुकाट वाट पाहायचा.

"ओरडा की!" फिलिपा म्हणायची. "न ओरडता इथे कुणाला चहासुद्धा मिळालेला नाही."

"त्यांचं बोलणं चाललंय ना."

"त्यांचं बोलणं संपत नसतं, चीफ. वकिलांची आणि स्पीकरांची ती खोडच आहे."

"वरिष्ठांच्या मधे कसं बोलणार?"

"इथे कुणी वरिष्ठ नाही. प्रत्येक जण स्वतःला समजतो, एवढंच."

मार्चमध्ये ते विधेयक आलं. 'किनारी वाहतुकीचे सुसूत्रीकरण' असं त्याचं नाव होतं. सुसूत्रीकरण म्हणजे बंद करणे. सरकारी भाषा जगात कुठेही जा, सारखीच. नोव्हेंबर ते एप्रिल फेरीबोटी थांबवायच्या, असा त्याचा अर्थ. ते मांडणारा प्रेस्कॉट ड्रमंड हा वाहतूक समितीचा अध्यक्ष होता. उंच, रुपेरी केसांचा, आणि आरशाशी चांगले संबंध असलेला. तोही एके काळी नौदलात अधिकारी होता. कायदा विभागात असल्यामुळे समुद्र त्याने मुख्यतः खिडकीतून पाहिला होता, पण हुकूम सोडायचा आवाज त्याने कमावलेला होता.

फिलिपाने मतांची जुळवाजुळव केली. उत्तरेकडच्या बटाटे पिकवणाऱ्या भागातल्या आमदारांना समुद्राशी काही देणंघेणं नव्हतं, पण बेटवाले अडचणीत आहेत म्हटल्यावर तेही 'नाही' म्हणायला तयार झाले.

"थोडक्यात का होईना, जिंकतो आपण," ती म्हणाली. "तुम्ही फक्त उभे राहा आणि तुमचं ते एक वाक्य म्हणा."

गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीआधी, जेव्हा आमदारांचं अर्धं लक्ष पोटाकडे असतं, तेव्हा विधेयक पुकारलं गेलं. ड्रमंडने छोटं, नीटनेटकं भाषण केलं. हायरम उभा राहिला. हात शिवणीला. नजर समोर. स्पीकर बर्निस पोमरलो पूर्वी मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. नुसता चष्मा काढून त्या वर्ग गप्प करत असत. त्या वेळी त्या कारकुनाशी काहीतरी बोलत होत्या.

"ओरडा!" फिलिपाने त्याचा कोट ओढला.

"त्या बोलताहेत."

"चीफ, तुमच्या बोटीची शपथ आहे, ओरडा!"

"आणखी कुणाला बोलायचं नसल्यास," स्पीकरबाई म्हणाल्या, "आवाजी मतदान घेते. विधेयकाच्या बाजूने असतील त्यांनी 'आय' म्हणावं." आणि मान वर करतात तो काय, सभागृहाच्या मधोमध एक माणूस खांबासारखा उभा! मतदान चालू असताना उभं राहायला तिथे सक्त मनाई आहे. बाईंनी चष्मा काढला.

"गॅनेट बेटाचे सन्माननीय सदस्य! खाली बसा!"

"आय, मॅडम!"

तावदानं थरथरली. डुलकी घेणारा एक आमदार "मंजूर, मंजूर!" म्हणत जागा झाला. ड्रमंडच्या माणसांचे 'आय' त्या आवाजात मोठ्या लाटेखाली होड्या जाव्यात तसे गडप झाले. मग बाईंनी विचारलं, "विरोधात?" बटाटेवाले तोंडं उघडून तयारच होते, ती त्यांनी मिटली. ज्याची बोट तोच एवढा गळा फाडून संमती देतोय, तर आपण कशाला रक्त आटवायचं? फिलिपाचं एकटीचं "नाही" केविलवाणं वाटलं. मतविभागणी मागायला ती लोकरीच्या गुंत्यातून उठेपर्यंत हातोडा पडला होता, आणि हातोड्यानंतर तिथे देवाचंही चालत नाही.

"विधेयक मंजूर. सभागृह मंगळवारी पुन्हा भरेल."

हायरम शांतपणे बसला होता. "फिलिपा, मतदान कधी आहे?"

फिलिपाने विणकाम पिशवीत ठेवलं. "झालं, चीफ. तुम्ही आत्ताच स्वतःची बोट बुडवलीत."

"मी? मी तर फक्त खाली बसलो."

"बसलात खरे. फार आवाज करून बसलात."

तेवढ्यात ड्रमंड हात पुढे करत आला. "चीफ, राज्याच्या हितापुढे स्वतःचं बेट! हा मोठेपणा हल्ली दिसत नाही हो!"

हायरमने हात मिळवला. वरिष्ठ अधिकाऱ्याने हात पुढे केला की तो मिळवायचा असतो.

आमदाराने घाण केली की इतर ठिकाणी त्याला मागच्या दाराने पळता येतं. बेटावरच्या आमदाराची तशी सोय नाही. त्याला घरी जायला बोट एकच, आणि तीही तीच. शुक्रवारी दुपारी हायरम धक्क्यावर पोचला तेव्हा बोटीचा कप्तान ओटिस लेडबेटर वरच्या केबिनमधून बाहेर वाकला.

"या, या, आमदारसाहेब! जागा करा रे! ही बोट त्यांचीच आहे. हिवाळा येईपर्यंत तर नक्कीच."

"ओटिस, मी विरोधातच होतो."

"ऐकला ना तुझा विरोध. रेडिओवर लावला होता. काय खणखणीत!"

बोटीवर कॉफी मिळते. त्या दिवशी ती नेमकी हायरमच्या पाळीला संपली. त्याच्या मागच्या माणसाला मिळाली.

शनिवारी घेवड्याचं जेवण होतं. न जाणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, आणि जाणं म्हणजे शिक्षा भोगणं. व्हर्नाने त्याला कोट चढवला आणि ढकलत नेलं. हॉलमध्ये शिरताच शांतता पसरली. मूग गिळणं ठाऊक नसलेली ती माणसं घेवडा गिळून गप्प बसली होती.

डोरकस वाढत होती. हायरमच्या ताटात तिने घेवड्याचा एक चमचा टाकला. सॉसेजचं भांडं तिने हातभर लांब ठेवलं.

"डोरकस, ऐक—"

"ऐकलं. अख्ख्या राज्यानं ऐकलं. हायरम, मी तुला एक वाक्य शिकवलं होतं. एकच! माझ्या कुत्र्याला दोन येतात."

"अगं, नौदलात 'आय' म्हणजे—"

"बोट बंद म्हणजे पोरांवाली घरं पलीकडे जाणार. ती गेली की शाळा बंद. शाळा बंद झाली की मी दुकानात कुणाला डबे विकू, समुद्रपक्ष्यांना?" तिने चमचा भांड्यावर आपटला, पण आवाज मात्र खाली आला. "मेल्यावर मला पलीकडे पुरायला नेऊ नका, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. आता जिवंतपणीच जायची पाळी आणलीस."

 मग हायरमने जे खरं ते सांगितलं: आज्ञा झाली की तोंडातून 'आय' येतं, त्यात होकार-नकार काही नसतो, त्याचं 'आय' खुर्चीत बसण्यापुरतं होतं. डोरकसचे डोळे बारीक झाले.

"थांब. आणि त्या संध्याकाळी मी विचारलं, 'उभा राहतोस ना?' तेव्हा?"

हायरमने ताटात पाहिलं.

"हायरम!"

"मला वाटलं, तुला बसायला खुर्ची हवीये."

हॉलच्या एका कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. डोरकसने सॉसेजचं भांडं उचललं आणि सरळ स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

रविवारी सकाळी टॉलमनांच्या घरी फोन वाजला. व्हर्नाने उचलला.

"मी फिलिपा क्रॉस. ते गाढव घरात आहे का?"

"आहे. एकच आहे, देते."

"चीफ," फिलिपा म्हणाली, "रात्रभर नियम चाळत बसले होते. फेरविचाराची सूचना मांडता येते. पुढच्या बैठकीपर्यंत, म्हणजे मंगळवारपर्यंत. पण ती जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्यानंच मांडायची असते. मी हरलेल्या बाजूची. बटाटेवाले गप्प बसले. ड्रमंडची माणसं मांडणार नाहीत. जिंकलेल्या बाजूचा, पण मनानं बेटाचा, असा अख्ख्या सभागृहात एकच माणूस आहे."

"कोण?"

पलीकडून एक सुस्कारा ऐकू आला. "बायकोला द्या फोन."

व्हर्नाने त्याला समजावून सांगितलं आणि फोन परत दिला.

"म्हणजे चूक झाली असं सांगू?" हायरमचा चेहरा उजळला होता.

"खबरदार! चूक म्हणालात की ड्रमंड म्हणेल, मग ते मत नव्हतंच. मत नव्हतं तर तुम्ही जिंकलेल्या बाजूचे नाही. मग सूचना मांडायला तुम्ही कोण? खेळ खलास."

"मग काय, खोटं बोलू?"

"छे, छे. खोटं बोलायला अनुभव लागतो. तुम्ही फक्त अर्धंच खरं बोला. 'मी आय म्हणालो होतो, आता विचार बदललाय.'"

"कारण विचारलं तर?"

"आमदाराला विचार बदलायला कारण लागत नाही. आणि एक लक्षात ठेवा. सूचना पूर्ण मांडून होईपर्यंत बसायचं नाही. बसलात की बोलायची पाळी दुसऱ्याची. ड्रमंड तहकुबीची सूचना खिशात घेऊनच येणार. कुणीही सांगू दे, बसायचं नाही."

"आय," हायरम म्हणाला.

"अरे देवा," फिलिपा म्हणाली.

सोमवारभर व्हर्नाने स्वयंपाकघरात तालीम घेतली. ती हातात डाव घेऊन स्टुलावर चढायची आणि ओरडायची, "खाली बस!"

"आय," म्हणून हायरम बसायचा.

"'नाही' म्हणायचंय! 'नाही'! मांजरालासुद्धा जमतं! खाली बस!"

"ना..." हायरमच्या कपाळावर घाम यायचा, गुडघे आपोआप वाकायचे. "आय."

"लग्नात पाद्र्यानं विचारलं तेव्हासुद्धा तू नुसतं हेच म्हणाला होतास का रे?"

 दुपारपर्यंत व्हर्नाचा घसा बसला. हायरम तर आधीच बसलेला होता.

मंगळवारी डोरकसने दुकानाला कुलूप लावलं. नवऱ्याच्या अंत्ययात्रेनंतर पहिल्यांदाच. सकाळच्या बोटीने निम्मं बेट राजधानीला गेलं आणि प्रेक्षक गॅलरीत रांगेने बसलं. व्हर्ना पहिल्या रांगेत होती. डोरकस तिच्या शेजारी, जत्रेत आपला बैल पाहायला आल्यासारखी कठड्यावर वाकून.

सभागृह भरलं. हायरम उभा राहिला. हात शिवणीला गेले. स्पीकरबाई कारकुनाशी बोलत होत्या. फिलिपाने विणायची सुई उचलली आणि हायरमच्या मांडीत हलकेच खुपसली.

"मॅडम स्पीकर!!"

बाईंच्या हातातली पेन्सिल पडली. "गॅनेट बेटाच्या सदस्यांना अनुमती आहे. माझी विनंती एवढीच, की मी इथेच आहे हे ध्यानात ठेवावं."

"मॅडम, जिंकलेल्या बाजूने मत दिलेला सदस्य या नात्यानं मी—"

"हरकतीचा मुद्दा!" ड्रमंड उठला होता. "मॅडम स्पीकर, मीही नौदलात होतो. त्या दिवशीचं 'आय' हे मत नव्हतं. आपण त्यांना बसायला सांगितलंत, त्याला ते उत्तर होतं. सदस्यांनी छातीवर हात ठेवून सांगावं, ते मत होतं का?"

सगळं सभागृह हायरमकडे वळलं. खरं ओठावर आलं होतं. पण फिलिपाची सुई अजून मांडीपाशीच होती.

"मी 'आय' म्हणालो," हायरम म्हणाला. "सभागृहानं ऐकलं."

"सभागृहानं ऐकलं," स्पीकरबाई म्हणाल्या, "आणि माझा उजवा कान अजून ऐकतोय. श्री. ड्रमंड, त्याच आवाजाच्या जोरावर मी आपलं विधेयक मंजूर केलं. ते मत नव्हतं असं मी आता ठरवलं, तर आपलं विधेयक कशाच्या बळावर मंजूर झालं? आपल्याला तसं म्हणायचंय का?"

ड्रमंडला तसं मुळीच म्हणायचं नव्हतं. हरकत मोडीत निघाली. सूचना मात्र अजून अर्धीच बाहेर आली होती. हायरमने पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात ड्रमंडला आपल्या जुन्या गणवेशाची आठवण झाली. तो टाचा जुळवून ताठ झाला आणि त्याने तो कमावलेला आवाज काढला.

"चीफ! बसा!"

असा सूर पंचवीस वर्षं कानांवर पडलेला माणूस कानांनी ऐकत नाही, गुडघ्यांनी ऐकतो. हायरमचे गुडघे वाकले. पाठ खुर्चीच्या दिशेने निघाली. तोंड उघडलं आणि त्यातून, सगळ्या सभागृहाला नीट ऐकू जाईल असा, तो जुना स्वर निघाला.

"आ—"

फिलिपाने डोळे मिटले. गॅलरीत व्हर्नाने डोरकसचा हात दाबला. ड्रमंड हसत हसत तहकुबीच्या कागदाकडे हात नेऊ लागला. हायरमने मान वर केली. वर, कठड्यावर, डोरकस एम्स दिसली. आयुष्यात बेट सोडून कुठे न राहिलेली ती बाई परक्या गावात, चांगली टोपी घालून, त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"आ—" स्वर लांबला. गुडघे जिथल्या तिथे थांबले. "आ... त्ता नाही, सर!"

या वेळी तावदानं थरथरली नाहीत. तो एवढ्या हळू बोलला होता, की मागच्या बाकांवर "काय म्हणाला? काय म्हणाला?" अशी विचारणा सुरू झाली. मग हायरमने गुडघे सरळ केले.

"आणि सर, इथे मी चीफ नाही. सन्माननीय आहे. नियमात आहे तसं."

मागे कुठेतरी बाक करकरला. त्या सभागृहात लष्करातून आलेले पुष्कळ होते आणि त्यातले बहुतेक सार्जंट वगैरे. अधिकाऱ्यांच्या आरडाओरडीवर त्यांनी मनात साठवलेलं बरंच काही होतं. बटाट्याच्या भागातला एक जाडजूड आमदार उठून ड्रमंडकडे बोट रोखून म्हणाला, "अहो, ही काय तुमची परेड आहे?" हायरमने तेवढ्यात सूचना पूर्ण केली आणि त्या जाडजूड माणसाने, कुणी विचारायच्या आतच, आरोळी ठोकली, "दुजोरा!"

"आवाजी मतदान होणार नाही," स्पीकरबाई म्हणाल्या. "माझ्या कानांचा विमा नाही. बटणं दाबा."

भिंतीवरच्या फलकावर दिवे लागले. फेरविचार करायचा ठरला. मग विधेयकच पुन्हा मताला आलं, आणि फलकावर 'नाही'चे लाल दिवे हिरव्यांपेक्षा जास्त झाले. फार जास्त नाही. पण बोट थोडक्यात तरली काय, भरपूर तरली काय, पाण्याला सारखंच. त्यानंतर हायरम टॉलमन बराच काळ आमदार राहिला, आणि तो जागेवर असेतोवर आवाजी मतदान घ्यायचं बर्निस पोमरलोंनी कायमचं सोडून दिलं.

त्या संध्याकाळी ओटिसने धक्का सोडल्यापासून बेट येईपर्यंत भोंगा वाजवला. पक्ष्यांनी तक्रार केली, माणसांनी नाही. कॉफी हायरमला सगळ्यांच्या आधी मिळाली. डोरकसने पिशवीतून एक डबा काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. आत सॉसेजेस होती, दोन.

"पुढच्या वेळी," ती म्हणाली, "मला खुर्ची हवी असेल तर मी 'खुर्ची' म्हणेन."

"आणि पुन्हा उभा राहायला हवं असेल तर?"

"तेव्हाही 'खुर्ची'च म्हणेन. तुझ्या लक्षात यायला सोपं."

घरी पोचल्यावर व्हर्नाने कोट काढला. मागे शेडचं दार वाऱ्यावर आपटलं. तिचा घसा अजून बसलेलाच होता.

"हायरम," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ते दार बसवशील का?"

हायरम अजून सभागृहाच्या तोऱ्यात होता. छाती फुगवून तो म्हणाला, "नाही!"

व्हर्ना त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असं समाधान पसरलं, जे निवडणूक जिंकल्याच्या रात्रीही हायरमने पाहिलं नव्हतं. तिने फोन उचलला आणि सुताराचा नंबर फिरवला.

"अगं, अगं!" हायरम घाईघाईने म्हणाला. "सुतार कशाला? मी करणारच होतो ना! शनिवारी नक्की करतो."

"आय," व्हर्ना म्हणाली, आणि सुताराशी बोलू लागली.